'प्रकाशित करा' हे बटण कोणाच्या हाती?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवारी सकाळी समुपदेशन केंद्राचे कुलूप उघडत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा आवाज ओळखीचा होता, पण इतका दबका की मला दोनदा विचारावे लागले.

"ताई, नाव घालणार नाही म्हणाला होतात ना?"

"नाही घातलं गं. गावाचंही नाही घातलं."

"मग माझ्या जावेला कसं कळलं?"

ही बाई एका खेड्यात आशा म्हणून काम करते. तिचे नाव इथे देत नाही, बदललेले नावही देत नाही. नवऱ्याची मारहाण, आशा म्हणून मिळणारा मोबदला परस्पर काढून घेणे, मग तिने स्वतःच्या नावावर वेगळे बँक खाते उघडणे, त्यावरून झालेला तमाशा आणि तरीही खाते बंद न करणे, असे तिचे निवेदन आम्ही संस्थेच्या वेबसाइटवर घेतले होते. तिची लेखी संमती होती. तिला दोनदा वाचून दाखवले होते. नाव काढले, गाव काढले, मुलांची वये काढली. आपण फार काळजी घेतली अशा समाधानात आम्ही होतो.

त्या दुपारी मी आणि आमची तालुक्याची कार्यकर्ती मोबाइल घेऊन बसलो आणि ते पान परक्या माणसाच्या नजरेने पाहिले. पहिल्यांदा मथळा टाकला गेला होता त्यात तालुक्याचे नाव होते आणि 'आशाताई' असा शब्द होता. तासाभरात कोणाच्या तरी लक्षात आले, मथळा बदलला. पण पानाचा पत्ता, म्हणजे लिंक, तीच राहिली. आमचे वेबसाइटचे काम पाहणाऱ्या मुलाने तो पत्ता रोमन अक्षरांत हाताने टाकला होता : तालुका, मग आशा, मग लढाई. मथळा बदलला म्हणून पत्ता आपोआप बदलत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. शिवाय पहिल्या तासात दोनचार जणींनी उत्साहाने लिंक पुढे पाठवली होती. व्हॉट्सअॅपवर लिंकखाली मथळ्याची छोटी चौकट दिसते, ती पाठवताना जशी असते तशीच त्या निरोपात राहते. त्यामुळे जुना मथळा गावोगावच्या फोनांत जसाच्या तसा होता.

आणि फोटो. चेहरा नको म्हणून फक्त हातांचा फोटो होता. मांडीवर ठेवलेले दोन हात, खाली नोंदवही. छान आला होता म्हणूनच घेतला. त्या उजव्या हातावर मनगटाच्या वर गोंदण होते. आम्हाला ते सुंदर वाटले. जावेला ते कोणाचे आहे ते कळले.

साधारण हजार वस्तीमागे एक आशा असते. तालुका कळला, गोंदण कळले, वेगळ्या बँक खात्यावरून झालेले भांडण तर सगळ्या आळीने ऐकलेले. नाव छापायचे बाकी काय राहिले होते? नवरा मोबाइल घेऊन उपकेंद्रात आला आणि सिस्टरसमोर, लसीकरणाला आलेल्या बायांसमोर, 'बघा हिनं माझी अब्रू कशी चव्हाट्यावर मांडली' म्हणून ओरडला. त्यानंतर तीन महिने ती केंद्रात आली नाही. फोन उचलायची नाही. आज ती पुन्हा येते, बोलते, पण आम्ही वही उघडली की तिची नजर वहीकडे जाते, ती मला दिसते.

ही हकिगत सांगण्यात माझा हेतू आमच्या चुकीची कबुली देणे एवढाच नाही. चूक कोणत्या जागी झाली ते मला सांगायचे आहे. मुलाखत नीट झाली होती. लिहिणारीने नीट लिहिले होते. चूक त्यापुढच्या कामात झाली, ज्याला आपण सगळ्याच संस्थांमध्ये 'ते टेक्निकल काम' म्हणतो आणि कोणाकडे तरी सोपवून मोकळ्या होतो.

ज्या मैत्रिणींनी हे काम कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. वेबसाइटवर मजकूर चढवायचा तो एका संपादनाच्या पानावरून. आमची वेबसाइट वर्डप्रेस या प्रणालीवर आहे. २००३ साली आलेली ही प्रणाली कोणालाही फुकट वापरता येते, म्हणून आपल्यासारख्या पुष्कळ संस्था तीच वापरतात. डिसेंबर २०१८ पासून तिथले संपादनाचे पान ठोकळ्यांचे झाले. एक परिच्छेद म्हणजे एक ठोकळा, चित्र एक ठोकळा, उपशीर्षक एक, अवतरण एक. ते वरखाली सरकवायचे. या रचनेला नाव दिले आहे गटेनबर्ग, खिळे जुळवून छपाई करणाऱ्या त्या जर्मन माणसाचे. खिळे जुळवणारे आपल्याकडेही होते. आमच्या आधीच्या पिढीतल्या मैत्रिणी सांगतात, त्रैमासिकाची प्रुफे घेऊन छापखान्यात जायचे, जुळाऱ्याच्या शेजारी उभे राहायचे आणि 'हा मथळा एवढा मोठा नको' म्हणून भांडायचे. त्या भांडायच्या, कारण मथळ्याचा आकार हा विचाराचा भाग आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. मग छपाई मोबाइलवर आल्यावर आपण भांडायचे का सोडले?

आमच्याकडे कसे चालायचे पाहा. तालुक्याची कार्यकर्ती वहीत लिहायची. त्या पानांचे फोटो कार्यालयात यायचे. कार्यालयात एक जण ते टाइप करायची. मग फाइल शहरातल्या त्या मुलाकडे. तो महिन्याला ठराविक रक्कम घेतो, आणखी चारपाच संस्थांचे आणि एका मंगल कार्यालयाचे काम करतो. मुलगा चांगला आहे, कष्टाळू आहे. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. त्याने विचारले, 'फोटो आहे का?' आम्ही फोटो दिला. त्याने विचारले, 'मथळा?' आम्ही घाईत होतो, 'तूच टाक काहीतरी' म्हणालो. पत्त्याचे तर त्याने विचारलेही नाही, कारण तो विचारायचा विषय आहे असे त्यालाही वाटले नाही आणि आम्हालाही. तालुक्याचे नाव पत्त्यात घातले की शोधणाऱ्याला पान लवकर सापडते, असे त्याला शिकवलेले. त्याच्या धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरच होते. सापडू नये अशीही माणसे असतात, हे त्याच्या शिक्षणात कुठून येणार?

माझ्याही शिक्षणात ते आले नव्हते. समाजकार्याच्या एम.ए.ला आम्हाला केस रेकॉर्डिंग होते, गोपनीयता होती. रजिस्टर कुलपात ठेवा, किल्ली एकीकडेच ठेवा, टेबलावर फाइल उघडी टाकून चहाला जाऊ नका. हे सगळे मी आजही पाळते. पण ज्या कपाटाला सगळ्या जगाकडे उघडणारा दरवाजा आहे त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे मी नोकरीच्या पहिल्या आठ वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

ती किल्ली कोणाकडे होती ते मग पाहिले. वर्डप्रेसमध्ये प्रत्येकीला एक भूमिका दिलेली असते. अॅडमिनिस्ट्रेटर सगळे करू शकतो. एडिटर कोणाचाही मजकूर बदलू आणि प्रसिद्ध करू शकतो. ऑथर स्वतःचा लेख प्रसिद्ध करू शकतो. आणि त्याखाली काँट्रिब्यूटर. ती लिहू शकते, पण प्रसिद्ध करू शकत नाही. चित्र चढवू शकत नाही. लेख एकदा प्रसिद्ध झाला की आपल्याच लेखातला एक शब्दही तिला बदलता येत नाही. आमच्या यादीत वस्तीवर, गावात काम करणाऱ्या पाचही जणी काँट्रिब्यूटर होत्या. त्यांतल्या तिघींना आपल्याला खाते आहे हेच माहीत नव्हते. अॅडमिनिस्ट्रेटर दोन, तो मुलगा आणि आमच्या कार्यकारिणीवरचे एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांनी ते पान आयुष्यात उघडलेले नव्हते.

बायकांची उतरंड आपण घरात ओळखतो, पंचायतीत ओळखतो, न्यायालयात ओळखतो. ती आपल्याच संस्थेच्या वेबसाइटवर ठोकळ्यांच्या मागे मांडून ठेवलेली होती आणि आम्हाला दिसली नाही. पहिल्या तासात मथळ्यात तालुका आहे हे ज्या कार्यकर्तीच्या लक्षात आले, तिच्या हातात तो बदलायची सोय नव्हती. तिने मला फोन केला, मी त्या मुलाला केला, तो दुचाकीवर होता. तो तास असा गेला.

सजावट म्हणून जे आपण सोडून देतो त्यात किती निर्णय दडलेले असतात ते या लेखानेच मला शिकवले. तिच्या निवेदनात नऊ परिच्छेद होते. मारहाणीचा त्यांत एकच. बाकी सगळे बँकेचे, पासबुकाचे, खाते उघडायला लागलेल्या फोटोंसाठी शंभर रुपये कुठून आणले त्याचे. तिला सांगायचे होते ते हेच. पण पानावर मधोमध मोठ्या अक्षरांत, दोन अवतरणचिन्हांत, उचलून काय लावले होते? मारहाणीचे वाक्य. ठळक केलेले शब्दही तेच. फोनवर लेख वाचणारा माणूस अंगठ्याने भराभर सरकवत जातो, त्याचा डोळा ठळक अक्षरांवर आणि उचललेल्या वाक्यांवर थांबतो. म्हणजे शंभरातल्या बहुतेकांनी एका मार खाल्लेल्या बाईविषयी वाचले, स्वतःचे खाते उघडणाऱ्या बाईविषयी नाही. एकही शब्द न बदलता तिची गोष्ट बदलली गेली.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, आणि हे काहींना जाचक वाटेल : कोणते वाक्य ठळक करायचे हे जिने ते निवेदन ऐकले तिने ठरवावे, आणि शक्य असेल तिथे जिचे ते आहे तिने. आम्ही आता वाचून दाखवताना विचारतो, 'यातलं एकच वाक्य मोठ्या अक्षरात लावायचं झालं तर कोणतं लावू?' उत्तरे ऐकून आपण गार पडतो. एकीने सांगितले, 'माझ्या आईनं मला परत घेतलं, ते लावा.' आमच्यापैकी कोणीच ते वाक्य निवडले नसते.

चित्रांविषयी तर किती बोलावे! विकत किंवा फुकट मिळणाऱ्या चित्रांत अत्याचाराचा विषय म्हटला की तीच ती बाई : अंधार, कोपरा, गुडघ्यांत डोके, समोर एका पुरुषाच्या पंजाची सावली. आमच्या केंद्रात वर्षभर येणाऱ्या बायका अशा बसत नाहीत. त्या खुर्चीच्या कडेवर बसतात, मांडीवर पिशवी घट्ट धरून, शेवटच्या एसटीची वेळ विचारत. ते कोपऱ्यातले चित्र आम्ही बंद केले आहे. 'पीडिता' हा शब्दही आम्ही मथळ्यात घेत नाही. कायद्याच्या कागदात तो लागतो तिथे लागू दे.

आता थोडे रूक्ष पण गरजेचे. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये, लोकेशन चालू असेल तर, तो कुठे काढला ते ठिकाण नोंदलेले असू शकते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद गळते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच राहते. आणि चांगल्या दर्जाचा फोटो हवा म्हणून आम्ही नेहमी डॉक्युमेंट म्हणूनच मागायचो. दुसरे, लेख काढून टाकला म्हणजे फोटो गेला असे नाही. लेख आधी कचरापेटीत जातो, तिथे तो साधारण तीस दिवस राहतो. फोटो मात्र वेबसाइटच्या माध्यम-संग्रहात स्वतंत्रपणे पडून असतो, ज्याच्याकडे त्याचा पत्ता आहे त्याला दिसत राहतो. आमचा तो हातांचा फोटो लेख उतरवल्यानंतर अकरा दिवस तसाच उघडत होता. फाइलच्या नावात कार्यालयातल्या कोणीतरी तिचे नाव आणि गावाचे नाव घातले होते, आपल्याला ओळखू यावे म्हणून.

कायदा काय म्हणतो ते आपल्यातल्या बहुतेकींना माहीत आहे, पण पुन्हा सांगते. मथुरा प्रकरणातला निकाल, त्यावर देशभर उठलेला स्त्रियांचा आवाज आणि त्यातून १९८३ साली झालेल्या दुरुस्त्या, यांतच भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आले. बलात्काराच्या गुन्ह्यात जिच्यावर अत्याचार झाला तिची ओळख छापणे हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत हेच कलम ७२ आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ती सज्ञान असेल तर तिच्या स्वतःच्या लेखी परवानगीने ओळख देता येते. बालकांसाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ आहे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याचे कलम १६. सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात ११ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट केले की ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे, ज्यावरून ती दूरान्वयानेही ओळखू येईल असे काहीच छापायचे नाही. पानाचा पत्ता, फाइलचे नाव, हातावरचे गोंदण हे सगळे या 'काहीच'मध्ये येते.

पण आपल्या रोजच्या कामात येणारी बहुसंख्य प्रकरणे घरातल्या हिंसेची असतात, आणि कलम ७२ ती झाकत नाही. आमच्या आशाताईच्या बाबतीत त्या कलमाखाली आमच्यावर काही कारवाई होणार नव्हती. तिथे आपल्यावर बंधन असते ते आपण स्वतः घालून घेतलेले. काही मैत्रिणी म्हणतात, इतकी झाकपाक केली तर आपण बाईच्या लाजेलाच खतपाणी घालतो, उलट नाव घेऊन उभे राहायला हवे. या म्हणण्याचा मला आदर आहे. नाव घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांनी आपल्याला पुष्कळ दिले आहे. पण नाव घेणे हा तिचा निर्णय असतो. आमच्या निष्काळजीपणाने तिचे नाव फुटणे याला धैर्य म्हणता येत नाही.

वाचणाऱ्यांची दुसरी बाजू आहे. आमच्या गटाची एक मैत्रीण दृष्टिहीन आहे. मोबाइलवर आणि संगणकावर ती मजकूर ऐकते, पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने. एकदा ती सहज म्हणाली, 'तुमच्या वेबसाइटवर हल्ली फार शांतता असते.' आम्हाला कळेना. तिने ऐकवले. आम्ही कायद्याच्या माहितीची जी सुंदर रंगीत पोस्टरे करून चढवली होती, ती सगळी चित्रे होती, त्यांतल्या अक्षरांतले एकही तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. पर्यायी मजकुराचा रकाना आम्ही कधी भरलाच नव्हता, त्यामुळे तिथे चित्र आहे हेही तिला कळत नव्हते. उपशीर्षके आम्ही नुसती ठळक करायचो. ठळक केलेले तिच्या कानाला साध्या ओळीसारखेच. उपशीर्षकाचा ठोकळा वापरला असता तर एक कळ दाबून ती एका शीर्षकावरून दुसऱ्यावर गेली असती. पोटगीची माहिती हवी असताना तिला आधीची सगळी चार पाने ऐकावी लागत होती.

जुन्या अंकांचे तर विचारूच नका. ते श्रीलिपीत आणि कृतिदेवमध्ये टाइप केलेले. त्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे बसलेली असतात. तो मजकूर उचलून वेबसाइटवर डकवला की कचरा दिसतो, आणि आमच्या मैत्रिणीच्या कानी तर अर्थहीन बडबड पडते. युनिकोड १९९१ पासून आहे, देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे, आणि आपल्या किती संस्थांचे दस्तऐवज अजून जुन्या फॉन्टांत अडकलेले आहेत! रूपांतर करून देणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे तपासायला माणूस लागतो. 'साऱ्या' हा आपला लाडका शब्द घ्या. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला सारखाच, आत वेगळा. एका प्रकारे शोधले तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला सापडेलच याची खात्री नाही. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले आणि नव्वदाहून अधिक वर्षे विस्मृतीत राहिले, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा पुढे आणले. ते छापील पुस्तक होते म्हणून कुठेतरी टिकले. वाचताच येत नाही अशा फाइलींतून आपले अंक शंभर वर्षांनी कोण बाहेर काढणार?

हे सगळे बैठकीत मांडले तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला, आमच्या कार्यकर्त्यांना हे जमायचे नाही. यावर मला खरोखर हसू आले. अंगणवाडीताई २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर मोबाइलमध्ये नोंदी करतात, रेंज नसेल तर टेकडीवर जाऊन करतात. आशाताई कितीतरी ऑनलाइन नोंदी भरतात. सरकारला आकडे हवे असतात तेव्हा बाईला मोबाइल जमतो, आणि स्वतःचे लिहिलेले छापायचे म्हटले की जमत नाही, हे कसे? चित्रकूटच्या 'खबर लहरिया'च्या दलित, ग्रामीण बायकांनी २००२ मध्ये छापील पत्रकापासून सुरुवात केली आणि पुढे कॅमेरा नि मोबाइल हातात घेऊन सगळे काम डिजिटल केले. आमच्या पाच जणींना तीन अर्धे दिवस लागले. पहिल्या दिवशी एकीने चुकून दुसरीचा लेख खोडला. मग तिलाच आम्ही जुनी आवृत्ती परत कशी आणायची ते शिकवले, कारण ती सोय आहे. कोणी कधी काय बदलले हेही तिथे दिसते. त्या दिवसापासून ती कोणाला घाबरत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. कार्यकर्तीवर आधीच भार आहे. गृहभेटी, पोलीस ठाणे, तारखा, अहवाल, आणि त्यात हे आणखी एक. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात 'वेबसाइट' असा रकाना असतो, पण तो बाहेरच्या माणसाला द्यायच्या पैशांचा असतो, कार्यकर्तीच्या तासांचा नसतो. बायकांचे काम फुकट धरायचे, ही रीत आपण बाहेर मोडायला निघतो आणि आत पाळतो. आम्ही त्या मुलाचे काम निम्मे केले (सर्व्हर, सुरक्षितता, बॅकअप हे त्याच्याकडेच आहे आणि असू दे) आणि वाचलेल्या पैशातून दोघींना महिन्याला थोडी जादा रक्कम देऊ केली. ती पुरेशी नाही. पुढच्या प्रस्तावात 'संपादन आणि प्रकाशन' असा वेगळा रकाना मी घातला आहे. निधी देणाऱ्यांनी त्याला कात्री लावली तर भांडायची माझी तयारी आहे.

आता आमच्याकडे नियम साधा आहे. लिहिणारी आणि आणखी एक, अशा दोघींनी फोनवर पूर्वदृश्य पाहिल्याशिवाय काही प्रसिद्ध होत नाही. पूर्वदृश्य, म्हणजे पान लोकांना दिसेल तसेच. टाइप केलेली फाइल वाचून दाखवणे पुरत नाही, हे आम्ही महागात शिकलो. जिचे निवेदन आहे तिला तेच दाखवायचे : मथळा, चित्र, ठळक ओळी आणि वरचा पत्तासुद्धा.

गेल्या फेब्रुवारीत असेच एक निवेदन तयार होते. चित्र म्हणून आम्ही केंद्रातला लाकडी बाक आणि शेजारचा पाण्याचा हंडा घेतला होता. पर्यायी मजकूर एकीने मन लावून लिहिला : 'भिंतीलगत रिकामा लाकडी बाक, शेजारी स्टीलचा हंडा, त्यावर उपडा पेला, वर कॅलेंडर.' लिहिता लिहिता ती थांबली. फोटो बोटांनी मोठा करून पाहू लागली. कॅलेंडर गावातल्या किराणा दुकानाचे होते आणि खाली दुकानाचे नाव, पेठेचे नाव, सगळे वाचता येत होते. चित्रात काय आहे ते शब्दांत लिहायला बसली म्हणूनच तिला ते दिसले. फोटो कापला, पर्यायी मजकुरातले कॅलेंडर काढले.

मग जिचे निवेदन होते ती आली. तिने फोन हातात घेऊन सगळे वरून खालपर्यंत पाहिले, मथळ्यातला 'अखेर' हा शब्द काढायला लावला. 'अखेर कुठं झालीय?' म्हणाली. आमच्या कार्यकर्तीने 'प्रकाशित करा' दाबले. हे बटण एकदा दाबले की लगेच काही होत नाही, प्रणाली शेजारी एक चौकट उघडून पुन्हा विचारते, खात्री आहे ना, कोणाला दिसावे, कोणत्या तारखेला.

"थांब," ती बाई म्हणाली. "पोरीची बारावीची परीक्षा आहे. पेपर होऊ देत तिचे."

कार्यकर्तीने 'रद्द करा' दाबले आणि मसुदा जतन केला. आम्ही तिघींनी चहा घेतला. तिला साडेचारची एसटी होती.